रुमालाखालचा खेळ

आमच्या नगराच्या कमानीपाशी, दूध डेअरीच्या अगदी समोर, माझा फ्लेक्स लागला होता. नांदेडात फ्लेक्सचं कुणाला कौतुक राहिलेलं नाही. वाढदिवस, निवड, बढती, कुणी नवी गाडी घेतली तरी लागतो. पण त्यावर आपलाच चेहरा दरवाजाएवढा होऊन लटकायला लागला की रोजची वाट नको वाटते. सकाळी दुधाला जाताना मी ओढणी नाकापर्यंत गुंडाळून घ्यायचे. डेअरीवाला तरीही ओळखायचा आणि विचारायचा, "मॅडम, आला का मोबाइलवर तुमचा गेम? पोरं विचारून राहिली."

"येतोय," एवढंच म्हणून मी पिशवी घेऊन पळायचे.

फोटो आईने दिला होता. स्थळांना पाठवायला म्हणून स्टुडिओत काढलेला, गालावर नसलेली लाली असलेला. विहाराजवळच्या मंडळाच्या पोरांनी तो निळ्या पार्श्वभूमीवर चढवला, शेजारी इंटरनेटवरून उचललेला गेमचा रिमोट टाकला आणि खाली लिहिलं, की शासनाच्या गेमिंग धोरणात आपल्या नगराच्या कन्येची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याखाली त्यांचे स्वतःचे गोल गोल फोटो. एकाने तर गॉगल घातला होता.

निवड झालीच नव्हती. लातूरच्या केंद्राने आमच्या गेमला "तत्त्वतः मान्यता" दिली होती. म्हणजे कल्पना बरी वाटते, समितीपुढे चालवून दाखवा, मग बघू. पण आईने शेजारणीला सांगताना "तत्त्वतः" गाळलं, शेजारणीने ग्रुपवर टाकताना "मान्यता" बदलून "निवड" केलं, आणि संध्याकाळपर्यंत पोरं शिडी घेऊन कमानीवर चढलेली. त्यांचा दोष नाही. आमच्या वस्तीत कुणाचं सरकारदरबारी काही झालं की आनंद लगेच साजरा करून टाकायची सवय आहे. उद्यापर्यंत थांबलं तर कुणी काढून घेईल अशी भीती त्यात असते. मी मात्र तेव्हापासून शरमेने अर्धी झाले होते, आणि पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पनाही नव्हती.

त्याआधी मी पुण्यात होते. गेमच्या कंपनीत. गेमच्या म्हणजे परदेशी लोकांनी ठरवलेल्या गेममध्ये लागणारी रंगीत खडे, नाणी, मिठाया, पेट्या काढून द्यायच्या. मी वर्षानुवर्षं मिठाया काढल्या. त्या कुणी, कुठे, का फोडतंय हे मला कधी कळलं नाही. मग राज्याचं नवं धोरण आलं. गेम, अॅनिमेशन वगैरे. त्यात "प्रादेशिक आशय" हा शब्द इतक्या वेळा होता की वाचताना मला वाटलं, हे आपल्यालाच हाका मारून राहिलेत. जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रं होणार, तिथे जागा, यंत्रं, मार्गदर्शन मिळणार, इथल्या पोरांना पुण्या-हैदराबादला जावं लागणार नाही. पुण्यातल्या सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. मी त्यांना वेड्यात काढून नांदेडला परत आले.

माझ्याजवळ एक कल्पना होती आणि एक मित्र. मित्र निलंग्याचा. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. त्याला कोडिंग येतं, मला चित्रं आणि खेळाचे नियम जमतात. घरून मिळतील ती कामं करत तो निलंग्यातच राहिला होता, कारण त्याला वाढवलं त्याच्या काकांनी, आणि काका-काकूंना दुसरं कुणी नाही. हैदराबादच्या एका कंपनीने त्याला बोलावलेलं होतं आणि तो त्यांना आज सांगतो, उद्या सांगतो करत होता. केंद्राचं जमलं तर तो राहणार, नाही जमलं तर जाणार, असा सरळ हिशोब होता. घरात सगळ्यांना तो ठाऊक होता, काकांना सगळ्यात जास्त.

काका बैलबाजारातले दलाल. देवणी आणि लाल कंधारी जनावरांचे सौदे जुळवून देणारे. बोलणं लई, मिशा लई, आणि स्वतःबद्दलचा विश्वास त्याहून लई. म्हाताऱ्या बैलाचं वय सांगताना ते आकाशाकडे बघून बोलायचे. पण बाजारात त्यांची पत होती. दोन गावची दोन हट्टी माणसं सकाळपासून अडून बसली असतील तर काकांना बोलावलं जायचं. ते खांद्यावरचा रुमाल काढायचे, समोरच्याच्या हातावर पसरायचे आणि आपला हात त्याखाली घालायचे. बाजारातले सौदे असेच होतात. किंमत तोंडाने बोलायची नाही. रुमालाखाली बोटं दाबून सांगायची. एक बोट, दोन बोटं, अख्खी मूठ. बाकीच्यांनी भोवती उभं राहून दोघांचे चेहरे बघायचे. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही ही खरी कला.

पहिल्यांदा मी बाजारात गेले तेव्हा काकांना म्हणाले, "मला दाखवा ना कसं करतात."

त्यांनी रुमाल काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुतण्याला हाक मारली. "ये बे इकडं. ह्या बाईला दाखवू." मग पुतण्याच्या हातावर रुमाल पसरून त्याची बोटं दाबत मला सगळं समजावून सांगितलं. माझा हात त्यांनी घेतला नाही. बाजारात बाया सौदा करत नाहीत, परक्या बाईचा हात धरायचा नसतो, हे खरंच. पण आमच्या वस्तीतल्या माणसाला हात न लावायचीही एक जुनी रीत आहे, आणि या दोन्हींतलं कारण कोणतं हे मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. खरं तर लाज त्यांना वाटायला हवी होती की मला, हेही मला ठरवता आलं नाही.

परतीच्या बसमध्ये, अहमदपूर आणि लोह्याच्या मधे कुठेतरी, मला तो खेळ सुचला. दोघांच्या हातांच्या मधे मोबाइल ठेवायचा. आधी मोबाइल प्रत्येकाला त्याची मर्यादा गुपचूप दाखवतो: विकणाऱ्याला यापेक्षा कमी घ्यायचं नाही, घेणाऱ्याला यापेक्षा जास्त द्यायचं नाही. मग मोबाइल रुमालाखाली. एकाने काचेवर बोटं दाबली की मोबाइल तेवढ्याच वेळा थरथरतो आणि दुसऱ्याला बोली कळते. बाकीच्यांनी चेहरे बघून ओळखायचं, सौदा होणार की मोडणार. पडद्यावर बघायला काही नाही. मिठाया नाहीत, पेट्या नाहीत. मी पुण्यात जे जे काढलं त्यातलं एकही चित्र नाही.

मित्राने थोड्याच दिवसांत तो चालता केला. आम्ही काकांकडे घेऊन गेलो. काकांनी मोबाइल उलटापालटा करून पाहिला, रुमाल पसरला आणि मला म्हणाले, "बस बाई. कर सौदा."

माझा हात रुमालाखाली गेला. त्यांचाही आला. मधे मोबाइल होता. त्यांनी दाबलं, माझ्या तळहाताला थरथर आली, मी दाबलं, त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी मला साफ लुबाडलं आणि अंगणात बसलेल्या चार माणसांना हाका मारून ते सांगितलं. मग शेजारचे आले, काकू आल्या, काकूंनी काकांना हरवलं. काकूंचा हात काकांच्या रुमालाखाली आयुष्यात पहिल्यांदाच गेला होता, असं त्या स्वतःच हसत म्हणाल्या. त्या दुपारी मला फार बरं वाटलं. असं वाटलं, की जन्मभर एवढंच करावं.

हा खेळ आम्ही लातूरच्या केंद्राला पाठवला, आणि तत्त्वतः मान्यता मिळाली. निलंग्यातही फ्लेक्स लागला. तो खुद्द काकांनी करून घेतला होता. माझा आणि मित्राचा फोटो, आणि गावात भलतीसलती चर्चा नको म्हणून दोघांच्या मधे एक दांडगा देवणी बैल उभा केलेला.

केंद्राबद्दल वाईट बोलणाऱ्यांत मी नाही. तिथे काय नव्हतं? भारी संगणक, मोठे पडदे, गार हवा, लाइट गेली तरी चालू राहणारी व्यवस्था. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण कुणी मोठा पाहुणा आला तर नवं दिसावं. आम्हाला एक टेबल मिळालं. तिथले अधिकारी तरुण होते, मनापासून धडपडणारे. जेवणाचा डबा ते आमच्याबरोबर खायचे. त्यांची एकच अडचण होती.

"मॅडम," ते म्हणायचे, "सगळं छान आहे. पण दिसत काहीच नाही ना."

"सर, न दिसणं हाच खेळ आहे."

"ते मला पटतंय. पण समिती बघणार काय? फोटो कशाचा काढायचा? वरती रिपोर्ट पाठवायचा तर त्यात काय टाकू, रुमाल?"

मी त्यांना म्हटलं, की तुम्ही एकदा खेळून तर बघा. ते म्हणाले, नक्की, निवांत बसू एकदा. तो निवांतपणा कधी आला नाही. भेट देणारे येत राहिले. प्राचार्य आले, उद्योजक आले, कुणाकुणाच्या ओळखीचे आले. प्रत्येक जण आमच्या टेबलाशी थांबायचा, "वा, वा, आपल्या मातीतला खेळ" म्हणायचा, आमच्याबरोबर फोटो काढायचा आणि पुढे जायचा. मी रुमाल पुढे करायचे. ते घड्याळाकडे बघायचे. धोरणात मातीचं कौतुक भरपूर होतं. हात घालायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

शेवटी आम्ही पडद्यावर दिसेल असं काहीतरी करायला घेतलं. दोन त्रिमितीय बैल, समोरासमोर, आणि बोली लागली की त्यांच्या डोक्यावर आकडा चमकतो. आता, बोली सगळ्यांना दिसली की सौद्यात उरलं काय? पण समितीला दिसायला हवं होतं. बैल आम्ही तयार मिळतात त्यातले घेतले, परदेशी. ते पडद्यावर आले तेव्हा मित्र म्हणाला, "ह्याला वशिंडच न्हाई बे." मी पाठीवर वशिंड चढवलं. ते कांद्यासारखं दिसायला लागलं. त्या कांद्यावर आमचे आठवडे गेले. पुण्यात मिठाया काढत होते, इथे येऊन कांदे काढायला लागले, एवढीच माझी प्रगती.

समितीचा दिवस ठरला. मी हट्ट धरला की बैल असू देत, पण आधी खरा खेळ दाखवायचा. काकांनी समितीच्या अध्यक्षांबरोबर मंचावर एक सौदा करायचा. अधिकारी कबूल झाले. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला.

"मी आल्यानं पोरगं हितं राहील का?"

"समितीनं हो म्हटलं तर राहील, काका."

"मग येतो की. अध्यक्षाला असा खेळवतो, बघच तू."

ते आले. नवं धोतर, नवा सदरा, आणि रोजच्या रुमालाऐवजी या दिवसासाठी मुद्दाम घेतलेला तलम पांढरा रुमाल, मरून काठांचा, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला. माझ्या हातात देत म्हणाले, "ठेव मंचावर. हात लावू देऊ नको कुणाला." मी तो मंचावरच्या टेबलावर, मोबाइलशेजारी ठेवला. पलीकडे सत्काराच्या शाली आणि नारळ मांडलेले होते. मी ते पाहिलं आणि मनात काहीही आलं नाही.

आमच्याकडचा कार्यक्रम ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. प्रमुख पाहुणे उशिरा आले. ते आल्यावर दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार. ज्यांना बोलावलं होतं त्यांचे सत्कार, जे नुसतेच आले होते त्यांचे सत्कार, सूत्रसंचालकाला समोरच्या रांगेत जे दिसले त्यांचेही. नाव राहिलं तर माणूस कायमचा दुखावतो, म्हणून कुणी नाव गाळायला धजावत नाही. शाली भराभर खांद्यांवर चढत होत्या. आणि सगळ्यात शेवटी, मान मोठा म्हणून राखून ठेवलेलं, समितीच्या अध्यक्षांचं नाव आलं.

शाली संपल्या होत्या. शाली देणाऱ्या बाईंनी एकदा टेबलाखाली पाहिलं, एकदा टेबलावर, आणि मरून काठांचा पांढरा रुमाल उचलून अधिकाऱ्यांच्या हातात दिला. अधिकाऱ्यांनी घडी उलगडली आणि अध्यक्षांच्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. अध्यक्ष रुमालाचे काठ चाचपत म्हणाले, "अस्सल हातमाग दिसतो," आणि खुर्चीत बसले.

मी पहिल्या रांगेत काकांशेजारी होते. काकांनी ते पाहिलं होतं. मागून मित्र कानाशी येऊन पुटपुटला, "मागून घे की."

"सत्काराचं परत कसं मागू?" मी म्हणाले. आणि काकाच म्हणाले, "राहू दे. पाहुण्याच्या गळ्यातलं काढत न्हाईत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारात ते जसे चेहरा कोरा ठेवायचे तसा आता ठेवून बसले होते.

आमचं नाव पुकारलं गेलं. मी मंचावर गेले, काका आले, अध्यक्षही हसत उठले, आमचा रुमाल त्यांच्या गळ्यात. मी खेळ समजावून सांगायला लागले. सूत्रसंचालक मागून "थोडक्यात, थोडक्यात" करत होता. मोबाइल काकांच्या तळहातावर ठेवला. अध्यक्षांनी आपला हात पुढे केला. आता वर काहीतरी पसरायला हवं होतं, आणि काकांनी आपला हात मागे घेतला.

"उघड्यावर सौदा होत न्हाई, साहेब," ते म्हणाले.

सभागृहात खसखस पिकली. मला एवढंच कळत होतं, की कापड पाहिजे, आत्ता पाहिजे. अध्यक्षांकडे मागता येत नाही. मी पुढचा मागचा विचार न करता गळ्यातली ओढणी काढली आणि काकांच्या हातावर टाकली.

विस्तव पडावा तसा काकांनी हात झटकला. मोबाइल खाली पडला. मागच्या रांगांतून शिट्टी आली, मग मोठ्याने हसणं, मग कुणीतरी ओरडलं, "हाव, होऊ द्या सौदा!" परक्या, तरण्या बाईच्या ओढणीखाली हात, तो पण भर मंचावर. काकांचा चेहरा, ज्यावर मी कधी काही उमटलेलं पाहिलं नव्हतं, कानापर्यंत लाल झाला. ओढणी खाली पडली होती आणि ती उचलायला मला वाकता येईना. समोर पोरांचे मोबाइल वर धरलेले दिसत होते.

अधिकाऱ्यांनी प्रसंग सावरला. मोठा पडदा चालू झाला. संगीत वाजलं, दोन बैल समोरासमोर आले, कांदे हलले, आकडे चमकले. सभागृहाने कडाडून टाळ्या दिल्या. अध्यक्ष म्हणाले, मराठवाड्याच्या मातीत काय ताकद आहे ते आज दिसलं. आम्हाला सर्वोत्कृष्ट प्रादेशिक आशयाचं प्रमाणपत्र मिळालं. मग अध्यक्षांची निघायची वेळ झाली आणि ते गेले, रुमालासकट.

धोरणाचं काय झालं असं कुणी विचारलं तर मी सांगते, यशस्वी झालं. केंद्राच्या अहवालात आमचा खेळ आहे, बैलांच्या फोटोसह, "विकसित" या शब्दापुढे. पुढच्या टप्प्याच्या मदतीला मात्र खेळाडूंचा प्रतिसाद दाखवायचा होता, आणि खेळाडूंपर्यंत पोचायला पुढच्या टप्प्याची मदत लागत होती. अधिकाऱ्यांनी खूप पत्रं लिहिली, मग त्यांची बदली झाली. आता तिथे ऑनलाइन परीक्षा होतात. परवा आमच्या शेजारची मुलगी तिथे भरतीचा पेपर देऊन आली आणि म्हणाली, ताई, खुर्च्या काय मस्त आहेत, वरचं प्लास्टिकपण तसंच. मी हसले. मला रडू आलं असतं तरी चाललं असतं. इतक्या चांगल्या मनाने, इतक्या चांगल्या यंत्रांनिशी आम्हाला मदत करायला निघालेल्या माणसांतल्या एकानेही तो खेळ खेळून पाहिला नाही. आणि मी, जिला तो खेळ काय आहे हे ठाऊक होतं, ती मंचावर टाळ्या घेऊन खाली उतरले.

मित्र हैदराबादला गेला. त्याने मला बोल लावला नाही, तो लावणाऱ्यांतला नाही. पण काही दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "काका बाजाराला जात न्हाईत."

तो व्हिडिओ निलंग्यात पोचला होता. काकांनी सौद्यासाठी रुमाल पसरला की भोवतीचं कुणीतरी "ओढणी आणू का?" म्हणायचं आणि सगळे फुटायचे. ज्याच्या चेहऱ्याकडे बघून लोक थरकायचे त्या दलालाच्या तोंडावर लोक हसायला लागले, की त्याचं बाजारात उरतं काय? काकांनी दोन-तीन बाजार सोसलं आणि मग घरी बसले. पुतण्या राहावा म्हणून ते आले होते. पुतण्याही गेला आणि बाजारही.

मी जाईन असं म्हणाले आणि गेले नाही. निलंग्याच्या बसमध्ये दोनदा बसायला निघाले, दोन्ही वेळा स्टँडवरून परत आले. काय तोंड दाखवायचं? त्याऐवजी मित्र आणि मी सुट्टीच्या दिवशी फोनवर बोलत बोलत वेगळंच एक काम केलं. खेळ दोन मोबाइलवर, दोन गावांत, एकाच वेळी चालेल असा केला. एकाने इथे दाबलं की दुसऱ्याचा तिथे थरथरायचा. अवघड नव्हतं. कांद्यावर घालवलेल्या वेळात सहज झालं असतं, पण तेव्हा ते आम्हाला सुचलं नव्हतं, कारण ते दिसलं नसतं.

ते झाल्यावर मात्र मला कारण मिळालं. मी निलंग्याला गेले.

काका गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. कडब्याच्या गंजीवर फ्लेक्स टाकलेला होता, आमचाच. उन्हाने रंग उडालेला, मी अर्धी पांढरी झालेली, मधला बैल तेवढा शाबूत. काकांनी मला पाहिलं, "ये बाई, बस" म्हणाले आणि काकूंना पाण्यासाठी हाक मारली. मी बसले. इतके दिवस जुळवून ठेवलेली वाक्यं एकही आठवेना.

"काका, माझ्यामुळं..." एवढंच निघालं.

"तुझ्यामुळं काय?" ते म्हणाले. "शाली कमी आणल्या त्यांनी. मोप आणायच्या असतात." पण ते माझ्याकडे न बघता बोलत होते, आणि खांद्यावर रुमाल नव्हता. निलंग्यात त्यांच्या खांद्यावर रुमाल नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. "हा हैदराबादपर्यंत पोचतो," मी म्हणाले. "तिकडं त्याच्या हातात आहे. तो वाट बघतोय."

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठले, गंजीवरच्या फ्लेक्सचा फाटका कोपरा ओढून काढला, ज्यावर माझं अर्धं तोंड होतं, आणि बाजेवर बसून तो मांडीवर पसरला. हात मोबाइलसकट त्याखाली गेला. त्यांनी काहीतरी दाबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग फ्लेक्स जरासा थरथरला, आणि काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लई मागून राहिलं बेणं."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं होतं. मी बघत होते. मी बघतेय हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं.

"तू ऊठ बाई," ते म्हणाले. "सौद्यात तिसऱ्यानं बसायचं नसतं."

मी उठले आणि अंगणाच्या बाहेर जाऊन उभी राहिले.